गड्याचं कार्ड

कुत्र्याला आत घेणारं हॉटेल शोधण्यात माझं सबंध एक वर्ष गेलं, हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत कुणी कुत्र्याला घेऊन जेवायला जात नाही हे मलाही ठाऊक आहे, मी इथलाच आहे. आमच्याकडं कुत्रं अंगणात असतं, उसात असतं, नाहीतर मटणाच्या हॉटेलामागं हाडांची वाट बघत बसलेलं असतं. ते टेबलाखाली बसून आपल्याबरोबर जेवेल असा विचार करणारा माणूस एकतर पुण्याहून आलेला असतो, नाहीतर त्याचं काहीतरी अडलेलं असतं. माझं अडलं होतं.

माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, दौंडला रेल्वेत गँगमन होते. सगळी नोकरी त्यांनी रुळावर, उन्हात काढली. पहिला पगार हातात आला त्या दिवशी ते माझ्या आईला घेऊन स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात गेले आणि आत, मधल्या टेबलावर, पंख्याखाली बसले. मिसळ मागवली आणि दोन चहा, कपबशीत. तेव्हापासून पगाराचा दिवस हा आमच्या घरचा सणच झाला. आत गर्दी असली आणि बाहेरची बाकं रिकामी असली, तरी आम्ही आत जागा होईपर्यंत उभे राहायचो. लहान होतो, माझे पाय दुखायचे. 'आप्पा, बाहेर बसू की,' असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा माझी विचारायची छाती झाली नाही. आत बसल्यावर मात्र त्यांना अजिबात घाई नसायची. चहा बशीत ओतायचे, फुंकर मारायचे, मालकाला हाक मारून पाणी मागायचे. कागदी कपातला चहा त्यांनी आयुष्यात घेतला नाही. ड्युटीवरसुद्धा पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला असायचा. 'पिऊन फेकायचा कप मला नको,' म्हणायचे. निवृत्तीनंतर पगाराच्या दिवसाच्या जागी पेन्शनचा दिवस आला, एवढाच फरक.

आई गेली आणि हे सगळं थांबलं. आप्पा दौंडच्या घरात एकटे राहिले. मी शिरूरला राहतो, रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. शिरूरला चला म्हटलं की ते विषय बदलायचे. जेवण सुटत चाललं होतं. शर्ट अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, 'यांना काही झालेलं नाही. हे जेवत नाहीत एवढंच. कुणाबरोबर तरी बसून जेवू द्या.' मी आप्पांना म्हटलं, आपण पेन्शनचा दिवस पुन्हा सुरू करू. महिन्याचा पहिला रविवार. मी गाडी घेऊन येतो, आत, पंख्याखाली बसू. ते म्हणाले, 'आन् ह्याला कुठं ठिवू?'

'हा' म्हणजे कुत्रा. तांबडा, एक कान पडलेला, अस्सल गावठी. नोकरी सुटली तरी आप्पा रोज सकाळी लायनीच्या कडेनं फिरायला जायचे, तिथं सिग्नलच्या खांबापाशी त्यांना तो सापडला होता, ओंजळीत मावेल एवढा. त्याचं नाव त्यांनी ठेवलंच नाही. 'काय रं गड्या' म्हणायचे, तेच नाव पडलं. आई गेल्यापासून गड्या घरात एकटा राहीनासा झाला. आप्पा कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी असा गळा काढायचा की शेजारचे भांडायला यायचे. म्हणजे आता अटी दोन झाल्या. कुत्रं बरोबर पाहिजे आणि बसायचं आत. एवढं जमलं तर माझा बाप जेवणार होता.

मी फोन करायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या कँटीनमागं उभा राहून. 'कुत्रं चालेल का आत?' या प्रश्नाला आमच्या भागात सरळ उत्तर मिळत नाही. न्हावऱ्याच्या रस्त्यावरच्या एकानं विचारलं, 'साहेब, कुत्रं म्हन्ला का बोकड? बोकड असंल तर घिऊन या, मस्त बनवून देतो.' एकाला वाटलं मी कुणी त्याचा मित्रच आहे आणि आवाज बदलून चेष्टा करतोय. त्यानं मला दोन शिव्या दिल्या आणि मग माफी मागितली. एका परमिट रूमवाल्यानं फार मोकळ्या मनानं बोलावलं. 'फॅमिलीत न्हाई चालायचं, पर परमिट रूममधी आना की. रात्री धाच्या पुढं तितं कोन मानूस आन् कोन कुत्रं, काय कळत न्हाई.' शिरूरच्या एका लॉजनं सांगितलं, कुत्र्याला आधार कार्ड असेल तर देऊ. मी हसलो, पण फोन ठेवल्यावर हसू टिकायचं नाही. दर पंधरवड्याला आप्पांचा पट्टा एकेक भोक आत सरकत होता.

शेवटी चौफुल्याच्या अलीकडं एक गार्डन रेस्टॉरंट सापडलं. मालक म्हणाला, 'आना की साहेब, त्यात काय एवढं. लिंबाखाली टेबल लावून देतो. गार हवा, पानी जवळ, कुत्र्यालाबी बरं.' मला एवढा आनंद झाला की मी त्याला दोनदा धन्यवाद दिले. रविवारी दौंडला गेलो तर आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओट्यावर तयार बसले होते. गड्याला आंघोळ घातलेली. गाडीत पुढं आप्पा, मागं गड्या खिडकीबाहेर नाक काढून. यवतकडं जाणारी वाहनं मोजत आप्पा चक्क गप्पा मारत होते. कितीतरी महिन्यांनी.

मालकानं शब्द पाळला होता. लिंबाखाली, नळाशेजारी, स्वच्छ टेबल, दोन खुर्च्या, वर पांढरा कपडासुद्धा. शेजारी भांडी घासायची जागा होती, पण त्या वेळी तिथं कुणी नव्हतं. आप्पा टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी टेबल बघितलं, नळ बघितला, मग काचेच्या दारातून आत पंख्याखाली बसलेली माणसं बघितली.

'हितं?' त्यांनी विचारलं.

'हो आप्पा. हवेशीर आहे की. कुत्रं आहे ना आपल्याबरोबर.'

'गाडी काढ,' ते म्हणाले.

मी मालकाची समजूत काढली, आप्पांची काढायचा प्रयत्न केला, मग निमूट गाडी काढली. पाटस आल्यावर आप्पांनी मला ती गोष्ट सांगितली. सांगायची गरज नव्हती. मी ती लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की ती मला ऐकू येईनाशी झाली होती.

आम्ही बौद्ध. आमचं गाव घोडनदीच्या काठाचं, इनामगावाच्या पट्ट्यातलं, आणि आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आप्पा दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांबरोबर शिरूरच्या बाजाराला आले होते. एका हॉटेलाबाहेर भिंतीत कोनाडा होता आणि कोनाड्यात आमच्या लोकांसाठी वेगळे कप. दांडी तुटलेले. आपण कप घ्यायचा, खाली धरायचा, आतला माणूस वरून चहा ओतणार, बाहेर उकिडवं बसून प्यायचं, कप आपणच विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा ठेवायचा. कायदा कधीच झाला होता, पण कायदा त्या कोनाड्यापर्यंत पोचला नव्हता. 'आन् आत,' आप्पा दर वेळी इथं थांबायचे, 'आत बाकाखाली मालकाचं कुत्रं झोपलं व्हतं. पंख्याखाली. मला त्या कुत्र्याचा राग न्हाई आला कवा. त्या बिचाऱ्याला काय ठाव. मी म्हन्लं, नोकरी लागली की मीबी आत बसनार.'

'आप्पा, आज कुत्र्यामुळं बाहेर बसवत होते. आपल्यामुळं नाही,' मी म्हणालो.

'ठाव हाय मला.'

'मग?'

'कशामुळं का असंना. मी बाहेर बसून खानार न्हाई.'

मला राग आला. खरं सांगायचं तर स्वतःचाच आला होता, कारण ज्या माणसानं मला पाय दुखेपर्यंत उभं केलं, त्याच्यासाठी मी हौसेनं नळाशेजारचं टेबल ठरवलं होतं. पण तो राग मी त्यांच्यावर काढला. म्हटलं, 'जमाना बदलला आप्पा. आता कोण विचारतं कुणाला?'

'तुला न्हाई इचारत,' ते म्हणाले. 'त्यांनी इचारायच्या आदीच तू सांगून मोकळा झालाईस.'

त्यांचा रोख माझ्या आडनावावर होता. शिरूरला आलो तेव्हा मी भाड्यानं घर शोधत होतो. नोकरी काय, पगार किती, खाण्यापिण्याचं कसं, सगळं विचारून झालं की घरमालक म्हणायचा, 'पूर्ण नाव?' पूर्ण नाव सांगितलं की दुसऱ्या दिवशी फोन यायचा, पुतण्या राहायला येणार आहे. तीन घरमालकांचे तीन पुतणे राहायला आले. मग मी राजपत्रात नाव बदलून घेतलं. गावाच्या नावापुढं 'कर' लावलं की आडनाव तयार होतं, कुणाचंच नसलेलं आणि कुणाचंही असू शकणारं. घर मिळालं. पुढं फ्लॅट घेतला. दारावरच्या पाटीवर नवं आडनाव आहे. निळ्या कोटातला फोटो, जो आप्पांच्या घरात दारातून आत शिरताच समोर दिसतो, माझ्या घरात आतल्या खोलीत आहे. आप्पा एकदाच फ्लॅटवर राहायला आले होते. त्यांनी सगळं घर फिरून बघितलं, आतल्या खोलीत थोडा वेळ उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. मी समजलो, घर आवडलं.

चौफुल्याच्या त्या रविवारानंतर दोन महिने तसेच गेले. मग कंपनीतल्या एकानं व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला: नगर रोडवर, कोरेगाव भीमाच्या पुढं पुण्याच्या अंगाला, एक नवीन रेस्टॉरंट. आत एसी आणि टेबलाशेजारी कुत्री. बाहेर पाटी, 'पेट फ्रेंडली'. मी तिथल्या तिथं फोन लावला. 'आतच ना?' असं मी तीनदा विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, 'हो सर, आतच, त्यांचे बाऊलसुद्धा असतात आमच्याकडे. मी लिंक पाठवते, तेवढा फॉर्म भरा. आणि येताना लसीचं कार्ड आणा.'

फॉर्म मी कंपनीच्या बसमध्ये भरला. पालकाचं नाव. इथं पालक म्हणजे कुत्र्याचा. मी आप्पांचं नाव लिहिलं, आणि त्यापुढं माझं आडनाव. मुद्दाम लिहिलं असंही म्हणवत नाही. बोट आपोआप तिकडं गेलं, इतकी वर्षं ते तिकडंच जात आलं होतं. प्राण्याचं नाव. 'गड्या' बरं दिसेना, एक इंग्रजी नाव ठोकून दिलं. ब्रीड. त्या चौकटीपाशी मी थांबलो. बसमधल्या शेजारच्यानं डोकावून बघितलं म्हणून मोबाईल तिरका धरला आणि लिहिलं, 'लॅब मिक्स', म्हणजे निम्मा लॅब्रेडॉर. कुणी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. गावठी चालत नाही असं त्या मुलीनं म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पहिला रविवार आला. आप्पांनी पुन्हा तोच पांढरा शर्ट घातला. मी म्हटलं, 'आतच बसायचंय आप्पा, मी नक्की विचारलंय.' त्यांनी खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, 'गड्याचं कार्ड घेतलंय.' दौंडच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यातलं ते पिवळट कार्ड. दर वर्षीची लस, शिक्का, सही. आप्पांनी ते दुधाच्या पिशवीत गुंडाळून, रबर लावून ठेवलं होतं. रेल्वेचा पास ते असाच ठेवायचे.

शिक्रापूर सोडलं, कोरेगाव भीमा आलं, नदीवरचा पूल ओलांडला. आप्पांनी खिडकीतून हात जोडले. दर वर्षी एक जानेवारीला ते दौंडच्या लोकांबरोबर इथं यायचे. मीही यायचो पूर्वी. नंतर त्या दिवशीची रजा टाकणं मी बंद केलं, कारण रजेचं कारण लिहावं लागतं.

रेस्टॉरंट फोटोत होतं तसंच होतं. काचेच्या दाराशी उंच स्टूल, स्टुलावर ती फोनवरची मुलगी, हातात टॅब. आमच्या पुढं एक कुटुंब होतं, त्यांच्याबरोबर सोनेरी केसांचं मोठं कुत्रं. ते आत गेलं. दार उघडल्याबरोबर गार हवेचा झोत आला, आणि आप्पांनी आत वाकून बघितलं. मधलं एक टेबल रिकामं होतं. त्यांचा चेहरा मी बघितला. मला वाटलं, जमलं. आता बसतील, आता पाणी मागतील, बशीत चहा ओततील.

मुलीनं टॅबवर बघून हसतमुखानं आप्पांचं नाव वाचलं. आणि त्यापुढं माझं आडनाव.

आप्पांनी मागं वळून बघितलं. आपल्या मागं कुणी उभं आहे का, हे त्यांनी खरोखर बघितलं. मागं कुणी नव्हतं.

'तुम्हीच ना आजोबा?' मुलगी म्हणाली. 'आणि हा आपला लॅब मिक्स ना? क्यूट आहे.'

'कोन म्हन्लं?'

'फॉर्मवर आहे ना.'

'गावठी हाय,' आप्पा म्हणाले. 'दौंडच्या लायनीवरचा.'

मुलीला त्याचं काहीच वाटलं नाही. 'अहो मग तसं लिहायचं ना सर,' ती मला म्हणाली. 'इंडी पण येतात आमच्याकडे. भरपूर येतात. मी बदलते. कार्ड आहे ना?'

म्हणजे चालत होतं. सगळं चालत होतं. खरं लिहिलं असतं तरी दार उघडणार होतं. आप्पांनी रबर काढलं, पिशवी उलगडली, कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, टॅब बघितला, पुन्हा कार्ड बघितलं.

'सर, इथं आडनाव वेगळं आहे.'

एवढ्यात आमच्या मागं माणसं येऊन उभी राहिली. नवरा-बायको, कडेवर एक छोटं पांढरं कुत्रं. अनोळखी माणसं. मला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना माझ्याशी नव्हतं. ते माझ्याकडं बघतसुद्धा नसतील. तरी मी आवाज खाली आणून, हसून म्हणालो, 'ते कार्डावर चुकलंय.'

माझ्या बापाचं, त्याच्या बापाचं, माझ्या शाळेच्या दाखल्यावरचं आडनाव. ते बाप शेजारी उभा असताना मी चुकलंय म्हणालो.

आप्पांनी हात पुढं केला. मुलीनं कार्ड परत दिलं. त्यांनी ते पिशवीत घातलं, रबर लावलं, खिशात ठेवलं, वरचं बटण लावलं. सगळं सावकाश. मग गड्याचा दोर धरून पार्किंगकडं चालायला लागले. मी त्यांच्या मागं लगेच गेलो नाही. आधी मी त्या मुलीला सॉरी म्हणालो. मागच्या जोडप्यालाही म्हणालो. आज लिहिताना सगळ्यात जास्त हेच डाचतं.

गाडीत ते मागं बसले, गड्याशेजारी. पूल आला तेव्हा मी आरशात बघितलं. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. एक हात कुत्र्याच्या पाठीवर होता, दुसरा खिशावर. मी म्हणालो, 'आप्पा, मला तसं म्हणायचं नव्हतं.' चौफुला मागं पडल्यावर, ते विसरलेत असं मला वाटत असताना, मागून आवाज आला.

'चुकलंय व्हय.'

एवढंच. त्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी ते नुसतं पुन्हा म्हणून बघितलं.

त्यानंतर मी पहिल्या रविवारी पार्सल घेऊन जायला लागलो. कुठं जाऊया का, हे विचारायची हिंमत झाली नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. माझ्यासमोर दोन घास खायचे, बाकीचं गड्यापुढं ठेवायचे. माझ्याशी नीट बोलायचे, सुनेची चौकशी करायचे, कंपनीचं विचारायचे. भांडले असते तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. त्या थंडीत ते गेले. शेजारच्यांना गड्याच्या ओरडण्यावरून कळलं.

गड्या आता शिरूरला माझ्याकडं असतो. आप्पांच्या कपड्यांची पेटी आवरताना तो पांढरा शर्ट निघाला आणि खिशात दुधाची पिशवी. कार्ड उघडलं. वर आप्पांचं नाव, पूर्ण, आडनावासकट, दवाखान्यातल्या माणसाच्या अक्षरात. 'प्रकार' या शब्दापुढं: गावठी. त्याखाली मोकळ्या जागेत बॉलपेननं आप्पांनी स्वतः एक ओळ लिहिली होती. 'माझ्या माघारी मालक', आणि पुढं माझं नाव. तेही पूर्ण. शाळेच्या दाखल्यावर आहे तसं. शेजारी त्यांनी माझा मोबाईल नंबर लिहिला होता, त्यातला एक आकडा खोडून पुन्हा नीट गिरवलेला. कधी लिहिलं, माहीत नाही. त्या रविवारानंतर असणार.

हे सगळं मी लिहितोय ते मागच्या महिन्यातल्या एका दुपारमुळं. गड्याला कानाचं दुखणं झालं म्हणून पुण्याला दाखवायला नेलं होतं. तिकडं कार्ड लागेल म्हणून खिशात घेतलं होतं. दवाखान्यात त्यांनी मागितलं नाही. परत येताना वाघोली सोडली, भूक लागली होती, गड्यानंही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि रस्त्याच्या कडेला तीच पाटी दिसली. मी गाडी आत घेतली. मनाशी म्हटलं, आज आत बसायचं. मधल्या टेबलावर बसायचं, चहा कपबशीत मागायचा, बशीत ओतायचा. आप्पांचं राहिलेलं आपण करू. हे ठरवताना माझे डोळे भरून आले, मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

स्टुलावर ती मुलगी नव्हती, दुसरा एक माणूस होता. त्यानं गड्याच्या डोक्यावरून हात फिरवला. 'इंडी का? मस्त. या ना सर. नाव सांगा.' मी नाव सांगितलं. पाटीवर आहे ते.

'ओके. कार्ड दाखवता फक्त?'

माझा हात खिशाकडं गेला. बोटांना रबर लागलं. दार अर्धं उघडं होतं, गार हवा बाहेर येत होती, गड्या आत जायला ओढत होता. आत मोजून चार टेबलांवर माणसं होती आणि त्यांतलं कुणीही मला ओळखत नव्हतं. त्या माणसानं कार्डावरचं आडनाव वाचलं असतं, टॅबवर लिहिलं असतं आणि विसरून गेला असता. फार तर विचारलं असतं, सर, वेगळं आहे का? आणि मला म्हणायचं होतं, हेच खरं आहे. तीन शब्द.

'घरी राहिलं,' मी म्हणालो.

'अरेरे. मग आत नाही सोडता येणार सर. पण बाहेर बसा ना, पार्किंगच्या बाजूला टेबलं आहेत. मी पाठवतो कुणाला.'

मी बाहेर बसलो. नळाजवळ. गड्या माझ्या पायाशी बसला आणि काचेच्या दाराकडं बघत राहिला. थोड्या वेळानं वेटर एक सामोसा आणि चहा घेऊन आला. चहा कागदी कपात होता. 'बाहेर कपबशी नाही देत सर,' तो म्हणाला.

मी बरं म्हणालो, कप तोंडाला लावला आणि सगळा चहा प्यायलो.